जादाचं बोट

आमच्या आरोग्य केंद्रात माझ्यावरचा एक जुना विनोद आहे. नसीम सिस्टरच्या दारावरून जायचं असेल तर पायात काटा रुतलेला नसावा, नाहीतर ती हात धरून सुई टोचते. विनोद खरा आहे. बोरीचा काटा असो, सायकलची चेन असो की कोंबडीनं मारलेली चोच असो, मी आधी धनुर्वाताची सुई देते आणि मग काय झालं ते विचारते. गडचिरोलीकडच्या या जंगलातल्या गावांत माझ्या हातची सुई न घेतलेला मोहफुलं वेचणारा माणूस सापडणं कठीण. नव्या मुली कामावर आल्या की कुणीतरी हळूच विचारते, "मॅडम, तुमच्या घरी कोनी गेलतं का जी धनुर्वातानं?" मी हो म्हणते. कोण गेलं ते सांगत नाही. कारण सांगायचं तर घोड्याच्या पायापासून सुरुवात करावी लागते, आणि घोड्याच्या पायापासून सुरुवात केली की त्या दिवशीची ओपीडी बुडाली म्हणून समजा.

घरात लग्नकार्य निघालं की मात्र भाचरंपुतणी मागं लागतात, खाला, घोड्याची गोष्ट. मी सांगते, पण अर्धीच, हसण्यापुरती. उरलेली अर्धी इथं लिहून ठेवते आहे. घरी आम्ही आमच्या हिंदी-उर्दूच्या खिचडीत बोलायचो. ते सगळं मी इथं बाजारातल्या मराठीत उतरवलं आहे. त्यात अब्बांचं फार काही बिघडत नाही. त्यांचं निम्मं बोलणं बाजारातच व्हायचं.

अब्बा मूल या गावचे नालबंद. तलावाच्या पाळीकडं जाणाऱ्या गल्लीत आमचं घर, घरापुढं कडुनिंब, निंबाखाली भट्टी. गल्लीच्या पलीकडं धानाची मिल होती, तिच्या भोंग्यावर अख्खा मोहल्ला उठायचा, जेवायचा आणि भांडायचा. बाजाराच्या दिवशी सकाळपासून बैलगाड्यांची रांग लागे. बैलाला दोरानं पाडायचं, चारी पाय बांधायचे आणि प्रत्येक खुराच्या दोन फाकांना दोन पत्र्या ठोकायच्या. नालबंद नाव ऐकून लोकांना घोडे आठवतात, पण आमचं पोट बैलांवर होतं. अब्बा तोंडात खिळे धरून काम करत, त्यामुळं गिऱ्हाइकांशी त्यांचा संवाद नाकातून चाले. "रहीमभाऊ, मांगची पत्री ढिल्ली झाली जी," असं गोमाजी म्हणाला की ते नाकातूनच म्हणत, "पत्री नाई झाली ढिल्ली, गोमाजी. तू बैल डांबरावर पळवून राह्यला. शर्यत लावतं का मोटारीसंग?" हा गोमाजी जवळच्या खेड्यातला धानवाला शेतकरी, अब्बांच्या बरोबरीचा, बैलाला पत्री नसली तरी बसायला यायचा. तासलेल्या खुराची कात्रणं खाली पडत आणि गल्लीतली कुत्री ती झेलायला अर्धवर्तुळ करून बसलेली असत, पंगतीला बसल्यासारखी.

कधी बैल झटका द्यायचा, तासणी चुकायची आणि रक्त यायचं. मग अब्बा भट्टीतली चिमूटभर राख आणि घोडीची ताजी लीद कालवून जखमेवर थापत, वर चिंधी बांधत. बैलाचं शेण सारवायला, घोडीची लीद दव्याला, हे आमच्या घरात अब्बांच्या आज्यापासून चालत आलेलं. दूरदूरचे लोक नुसती लीद मागायलासुद्धा येत. आणि त्या लेपानं कोणताही बैल कधी दगावला नाही. हे लिहून ठेवलंच पाहिजे, कारण पुढचं वाचून अब्बांना अडाणी ठरवणं फार सोपं आहे.

घोडी एकच होती, शहजादी. पांढरीशुभ्र, आणि आपण पांढरे आहोत हे तिला माहीत असावं. मूलमधले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवर बसून बोहल्याकडं गेले होते, आणि अब्बा लगाम धरून पुढं. अम्मी मी लहान असताना गेली. मला वाढवलं फुफूनं, म्हणजे अब्बांच्या मोठ्या बहिणीनं. फुफू म्हणायची, या घरात नखरे सोसायच्या दोनच बाया, एक शहजादी आणि एक नसीम, त्यातली शहजादी निदान कमावते तरी. मी घोडीला भ्यायचे. नालबंदाची पोरगी घोड्याला भिते, म्हणजे हलवायाला साखरेचं वावडं. तिनं एकदा माझ्या वेणीची रिबीन गवत समजून ओढली होती, तेव्हापासून मी तिला चणे सुपात घालून, सूप काठीनं पुढं सरकवून द्यायचे. शाळेत माझ्याशेजारी कुणी बसत नसे. शहजादीचा नाल अब्बा लाल करून बसवत, तेव्हा जळक्या नखाचा जो धूर निघे तो माझ्या केसांत मुक्कामाला यायचा. शिकेकाईचं काही चालत नसे.

अकरावीला मेश्राम सर जीवशास्त्र शिकवायला आले. बारीक माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सुटीच्या दिवशी ते वर्धा नदीच्या काठानं दगडगोटे उकरत हिंडायचे. एकदा त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून बोटभर लांबीचा काळपट दगड काढला आणि म्हणाले, हा दात आहे, घोड्याचा. नदीच्या जुन्या गाळात सापडला. वर्ग माझ्याकडं वळला. "सर, नसीमले विचारा जी, त्यायच्या घरी जिवंत आहे." मी उठून तो दगड हातात घेतला, अब्बा बाजारात घोड्याचं तोंड उघडून पाहतात तशी भुवई वर केली आणि सांगून टाकलं, "पाच-सहा वर्षांचा असेल, सर." सर हसले नाहीत. म्हणाले, "असेलही. पण मरून हजारो वर्षं झाली त्याला."

मग त्यांनी टेबलावर हाताचा पंजा पालथा ठेवला. म्हणाले, समजा हा एक जुना प्राणी आहे, कोल्ह्याएवढा, दाट जंगलात राहणारा, कोवळा पाला खाणारा. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. जंगलातली जमीन मऊ, बोटं पसरलेली बरी. पुढं लाखो वर्षांत जंगलं विरळ झाली, माळ आले, गवत आलं. गवत दात झिजवतं, म्हणून ज्यांचे दात उंच ते टिकले. उघड्या माळावर लपायला जागा नाही, म्हणून जे पळाले ते टिकले. असं म्हणत सर मनगट हळूहळू उचलत होते. अंगठा सुटला, करंगळी सुटली, मग कडेची दोन बोटंही टेबलापासून वर गेली आणि सगळा हात एका मधल्या बोटाच्या टोकावर उभा राहिला. "घोडा असा उभा आहे," सर म्हणाले. "एका बोटाच्या नखावर. आणि हे एका रांगेत झालं असं समजू नका. झाडाला फांद्या फुटाव्यात तसे कितीतरी घोडे झाले, बहुतेक संपले. तीन बोटांचे आपल्या देशातही होते. हा दातवाला एकाच बोटाचा, तरी संपला."

मी घरी येऊन कणकेच्या परातीत हाच प्रयोग फुफूला करून दाखवला. ती म्हणाली, "बिचारं एका बोटावर उभं राह्यते, म्हनून तर लाथा मारते. तुले उभी करतो मी अशी, मंग पाह्य." अब्बांनी मात्र तांदळाची भाकर आंबाडीच्या भाजीत बुडवताना हात थांबवला. "चार बोटं असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "या मुलखात घोडा म्हणजे पाव्हना. धानाच्या बांधीतल्या चिखलात दोन पावलं टाकता येत नाई त्याले. चार बोटाचा असता तर रोवन्यालेबी नेला असता." तो त्यांचा विनोद होता. ते विनोद करताना भाकरीकडं बघत.

शहजादी तेव्हा गाभण होती. सिरोंच्याकडून आलेल्या एका तंबूवाल्या खेळकऱ्याचा घोडा आमच्या निंबाखाली नाल बदलायला थांबला होता, त्याची ही करणी. थंडी सरता सरता एका पहाटे ती व्यायली. फुफूनं तिच्यासाठी गूळ, मेथी आणि जवस घालून बाळंतिणीचे लाडू केले होते. त्यातले निम्मे मी खाल्ले, हे घरात सर्वांना माहीत आहे. शिंगरू कोळशासारखं काळं होतं. पांढऱ्या घोडीला काळं पिलू बघून मी घाबरले, तर अब्बा म्हणाले, असंच असते, मोठं होता होता पांढरं होईन. ते उभं राहायला लागलं, पडलं, परत उभं राहिलं, आणि अब्बांचा चेहरा उतरला. पुढच्या डाव्या पायाला, घोट्याच्या थोडं वर, आतल्या बाजूनं आणखी एक खूर होता. सुपारीपेक्षा थोडा मोठा, बकरीच्या पिलाच्या खुरासारखा टोकदार, जमिनीला न टेकणारा. अब्बांनी तो चिमटीत धरून हलवला. मग फुफूकडं पाहून म्हणाले, "दार लाव."

मी कॉलेजात जाऊन सरांना सांगितलं. सर तास सोडून आले. चिखलात गुडघे टेकून त्यांनी तो खूर पाहिला, आणि चष्म्याच्या आत त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. "भाऊ, हे जुनं आहे," ते अब्बांना म्हणाले. "जे बोट लाखो वर्षांमागं घोड्यानं सोडलं, ते याच्या पायात परत उगवलंय. क्वचित होतं असं. तुमच्या घरी झालं."

"म्हंजे खोट," अब्बा म्हणाले.

"खोट नाही हो. आठवण म्हणा."

फुफू पदराआडून बोलली, "अन् मानसाले शेपूट निघाली, तर तिलेबी आठवन म्हनाल का, सर?"

"म्हणेन की, बाई."

"लग्न झालं नाई वाटते तुमचं."

सर एवढे खुशीत होते की तेही हसले. जाताना त्यांनी अब्बांचे हात धरले. त्याला हात लावू नका, सुटीत माझे गुरुजी नागपूरहून येतील, ते पाहतील, फोटो काढतील. फक्त तोवर सांभाळा. अब्बांनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो असाही होत होता.

गल्लीतली गोष्ट दारं लावून राहत नाही. गोमाजीनं पाहिलं, त्याच्या गाडीबरोबर ते खेड्यात गेलं आणि परत आलं तेव्हा पाच पायांचं झालेलं होतं. लोक बघायला येऊ लागले. कुणी नारळ आणले, कुणी कानाला हात लावले. शिंगराला त्याचं काहीच नव्हतं. ते गल्लीभर उधळायचं, कुत्र्यांच्या पंगतीत शिरून त्यांना उठवायचं, आणि मी, जी त्याच्या आईला काठीनं चणे द्यायची, ती त्याला हातानं गूळ भरवायला लागले होते. त्याच्या तोंडाला दुधाचा आणि गवताचा मिळून एक वास होता. नाव ठेवलं नव्हतं. अब्बा म्हणत, चिल्ला होऊन जाऊ दे, चाळीस दिवस जगलं की नाव.

चिल्ला झाल्यावर थोड्याच दिवसांनी मिलवाल्या शेठजींचा मुनीम आला. शेठजींच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलेलं, शहजादी कधीपासून सांगून ठेवलेली. मुनीम खाली बघत बोलला. शेठाणीबाईंचं म्हणणं, घोडीनं जादा बोटाचं जन्माला घातलं. तिच्या पाठीवर मुलगा बसवायचा आणि उद्या सुनेच्या पोटी तसंच काही निपजायचं. शेठजींचा काही आग्रह नाही, पण मुलीकडच्यांच्याही कानावर गेलंय. "रहीमभाऊ, ते एक असते नं, डोयासमोर नसलं तर लोकं भुलतेत."

मुनीम गेला. शेठजींनी नाकारलेली घोडी मूलमध्ये दुसरा कोणीही दारात उभी करणार नाही, हे अब्बांना सांगायची गरज नव्हती. आणि वरातीतून उतरलेली घोडी जाते कुठं, तेही आम्ही पाहिलेलं होतं. ती वीटभट्टीवर जाते, आणि एका पावसाळ्याच्या पलीकडं जात नाही. फुफू म्हणाली, शिंगरू लपवून ठेवू, गोमाजीकडं देऊन टाकू. अब्बा म्हणाले, लोक म्हणतील होतं म्हणूनच लपवलं. मी म्हणाले, सरांनी हात लावू नका म्हटलंय. अब्बा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेटा, सर बोट पाहून राह्यले. मले घोडी पाह्यची आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीत सामसूम असताना, गोमाजीनं शिंगरू धरलं आणि फुफूनं त्याचे डोळे झाकले. अब्बांनी खूर तासायचा सगळ्यांत धारदार वाकस घेतला. मी सरांचं ऐकलेलं एक वाक्य शेवटचं म्हणून पाहिलं, आत हाड आहे, अब्बा. ते म्हणाले, "जिंदगीभर खूरच तर कापले. नख आहे ते." आणि त्यांची काही चूकही नव्हती, बाहेरून ते नखच होतं. एका घावात पडलं नाही. दोन वेळा मारावं लागलं. शिंगरू ओरडलं, आणि आतून शहजादीनं दाराला लाथा घातल्या. रक्त बैलासारखं पाझरलं नाही, उडालं. अब्बांनी घाईघाईनं राख घेतली, लीद घेतली, कालवून लेप थापला, वर माझ्या जुन्या ओढणीची चिंधी बांधली. कापलेलं बोट मातीत पडलं होतं. आम्ही जखमेत गुंतलो होतो. तेवढ्यात पंगतीतलं एक कुत्रं उठलं आणि ते घेऊन गेलं.

जखम दोन-चार दिवसांत सुकली. शिंगरू परत उधळायला लागलं. शेठजींकडून होकार आला. अब्बा भाकरीकडं बघत परत एकदोन विनोद करू लागले.

मग एका सकाळी ते गल्लीत आलं नाही. दारात उभं होतं, चारी पाय फाकवून, शेपूट ताठ, कान ताठ, जत्रेत मिळणाऱ्या लाकडी घोड्यासारखं. मी गूळ धरला. त्यानं मान पुढं केली, पण तोंड उघडलं नाही. मी टाळी वाजवली, नेहमी वाजवायची तशी, तर त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक पांढरी पापणी सरकत येऊन बुबुळावर पसरली आणि सगळं अंग थरथरून ताठ झालं. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी चिंधी सोडून वास घेतला आणि काय लावलं होतं ते विचारलं. अब्बांनी सांगितलं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, बैल सहन करतो, रहीमभाऊ, घोडा नाही करत. धनुर्वाताचा आजार या लिदीतच असतो, आणि घोड्याइतका लवकर तो कुणालाच धरत नाही. लस नागपूरला मिळाली तर मिळाली, पण आता उशीर झाला. अंधारात ठेवा. आवाज होऊ देऊ नका. प्रत्येक आवाजाला त्याचं अंग पिळेल.

नालबंदाच्या घरात आवाज बंद करणं म्हणजे काय, ते त्या दिवसांत कळलं. अब्बांनी भट्टी विझवली. आलेले बैल गल्लीच्या तोंडावरून परत पाठवले. मागच्या कोठीत धानाच्या तणसाचा थर घालून शिंगराला ठेवलं, खिडकीला घोंगडी लावली. फुफूनं त्याच्या कानांत कापसाचे बोळे घातले. बांगड्या काढून ठेवल्या. थापण्याचा आवाज नको म्हणून आम्ही भाकर करायचो नाही. नुसता भात शिजवायचो, आणि तोही पातेल्यावर झाकण न ठेवता. मिलचा भोंगा मात्र आमच्या हातात नव्हता. तो वाजायच्या आधी मी कोठीत जाऊन कापसावरून त्याचे कान दाबून धरायचे. मी, जी घोड्याला भ्यायची. शहजादीचं दूध फुफू हातानं काढायची आणि भिजवलेल्या वातीनं त्याच्या मिटल्या दातांच्या फटीतून सोडायची. बहुतेक बाहेरच यायचं. आईला त्याच्याजवळ येऊ देत नव्हतो. तिनं चाटलं तरी ते आखडायचं. तिचं आचळ दुधानं तटतटलेलं असायचं आणि ती दिवसभर कोठीच्या भिंतीला तोंड लावून उभी राहायची, पण आवाज करत नव्हती. तिलाही कुणी सांगितल्यासारखं.

आणि वरातीचा दिवस आला. अब्बांनी घोडीला झूल घातली, माथ्यावर आरसे बांधले, गळ्यात घुंगरमाळ न घालता ती हातात घेतली. वरात मिलकडून निघून आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाणार होती. अब्बा सकाळीच शेठजींच्या दारात गेले होते. जन्मात कुणाकडं काही न मागितलेला माणूस, त्यानं मागितलं की गल्लीच्या तोंडाशी बँड थोडा थांबवा. शेठजी चांगले गृहस्थ होते. ते लगेच हो म्हणाले. बँडवाल्यांना, फटाकेवाल्या पोरांना, सगळ्यांना बजावलं.

उन्हं उतरताना बँड ऐकू यायला लागला. फुफूनं शिंगराचं डोकं मांडीवर घेतलं, मी कान धरले. आवाज जवळ आला, भिंतीतून तणसात उतरला, त्याचं अंग ताठ होऊ लागलं, आणि मग बँड थांबला. एकदम. ढोल नाही, हलगी नाही, कुणाचं बोलणं नाही. शेकडो पायांचा नुसता घसरता आवाज. कुणाच्या वरातीचा बँड एखाद्या जनावरासाठी थांबलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. फुफूनं माझ्याकडं पाहून मान हलवली. वाचलं.

त्या शांततेत गल्लीच्या तोंडावरून शहजादी खिंकाळली.

बँड वाजत असता तर ते ऐकू आलं नसतं. ती दुसऱ्यांदा खिंकाळली. शिंगरानं मान उचलली. इतके दिवस जी मान लाकडाची झाली होती ती त्यानं फुफूच्या मांडीवरून उचलली, मिटलेल्या दातांमागून घशात काहीतरी आवाज केला, आणि तो आवाज करता करताच त्याचं अंग कमानीसारखं मागं वळलं. ते परत सरळ झालं नाही.  मग बँड पुढं जाऊन परत सुरू झाला. अब्बांच्या हातात लगाम होता, त्यांना बोहल्यापर्यंत जाणं भाग होतं. ते गेले. परत आले तेव्हा शहजादीच्या माथ्यावर आरसे तसेच होते. फुफू दारातच उभी होती.  अब्बांनी हातातली घुंगरमाळ खुंटीला लावली, आणि ती वाजली, आणि त्या घरात इतक्या दिवसांनी काहीतरी वाजलं म्हणून मी रडायला लागले.

गोमाजी म्हणाला, माह्या वावराच्या धुऱ्यावर पुरा, तिथी नांगर नाई जात. खड्डा त्यानंच खोदला. सुटीत मेश्राम सर त्यांच्या गुरुजींना घेऊन आले, कॅमेरा आणि खोकं घेऊन. अब्बांनी त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं. बोटाचं विचारल्यावर म्हणाले, कुत्र्यायनं खाल्लं. सरांनी रिकामं खोकं परत दोरीनं बांधलं. त्यांनी बोट सांभाळायला सांगितलं होतं, अब्बांनी घोडी सांभाळली होती. शिंगराचं कुणी काही म्हटलं नव्हतं, असं मला आता, या वयात, सुई भरताना कधी कधी वाटतं.

वर्ष गेलं. सर परत आले, एकटे, आणि फार अडखळत त्यांनी विचारलं की पायाचं हाड तरी काढता येईल का. मला वाटलं अब्बा त्यांना हाकलतील. अब्बांनी कुदळ घेतली आणि म्हणाले, "चाला." धुऱ्यावर त्यांनी स्वतः उकरलं, कुणाला हात लावू दिला नाही. डाव्या पायाचं हाड निघालं, ते पाण्यानं धुतलं. सरांनी ते उन्हात धरून दाखवलं. मधलं हाड जाड, सरळ. त्याला चिकटून पाठीमागं दोन्ही कडांना आणखी दोन हाडं. बाहेरचं काडीसारखं बारीक, खाली टोक होत संपलेलं. आतलं जाड, लांब, आणि त्याच्या शेवटाला वाकसाचे दोन घाव.

"हे बारीकवालं काय आहे, सर?" अब्बांनी विचारलं.

"तेही बोटच. उरलेलं. दोन्ही बाजूंना असतं. याचं एका बाजूचं वाढलं, एवढंच."

"याले होतं म्हंजे."

"सगळ्या घोड्यांना असतं, भाऊ. कातडीच्या आत. शहजादीला पण आहे."

अब्बांनी हाड त्यांच्या हातातून घेतलं, त्या काडीवरून अंगठा फिरवला, आणि परत दिलं. "न्या," म्हणाले.  त्यानंतर कितीतरी वर्षं ते पत्र्या ठोकत राहिले, पण रक्त आलं की दुकानातून आणलेली औषधाची बाटली काढत आणि गिऱ्हाइकाला डॉक्टरकडं धाडत. लीद मागायला कुणी आलं तर फुफू त्याला पिटाळून लावायची.

त्या दिवशी घरी आल्यावर अब्बांनी हात धुतले आणि शहजादीकडं गेले. मी सूप घेऊन मागं उभी होते, काठी नव्हती. ते तिच्या पुढच्या डाव्या पायाशी उकिडवे बसले, आणि गुडघ्याखाली, पाठीमागच्या बाजूनं, कातडीवरून अंगठा दाबत हळूहळू खाली आले. एका कडेनं, मग दुसऱ्या कडेनं. जन्मभर त्यांचा हात त्याच जागेवरून गेला होता, कारण नाल ठोकायला घोडीनं पाय उचलावा म्हणून तिथंच हात फिरवायचा असतो. मधेच त्यांचा अंगठा थांबला. सापडलं असावं. शहजादीला वाटलं, पाय मागताहेत. तिनं शिकवल्याप्रमाणं पाय उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ठेव, बेटी, खाली ठेव," अब्बा म्हणाले. "काही नाई करत."

ती पाय तसाच धरून उभी राहिली.